सभासद वर गेल्यास

महाडला समुद्र नाही, ही गोष्ट आमचा स्कूबा डायव्हिंग क्लब स्थापन करताना कुणालाच अडचणीची वाटली नाही.

पाण्याच्या बाबतीत महाडकराचा आत्मविश्वास दांडगा असतो. इतर गावांतली माणसं पाण्याकडे जातात. आमच्याकडे पावसाळ्यात सावित्री स्वतःच बाजारपेठेत येते, दुकानं बघते, मुक्काम करते आणि चिखल ठेवून जाते. (आमच्या काही नातेवाइकांपेक्षा बरी. ती निदान जाते.) त्यामुळे माझा पुतण्या नीलेश मालवणकडची नोकरी सोडून घरी आला आणि म्हणाला, "काका, आपण महाडात डायव्हिंग क्लब काढू," तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिकडे तो पर्यटकांना समुद्राखाली नेऊन मासे दाखवायचं काम करत असे. उद्या पुरात कुणी अडकलं तर पाण्याखालचं शिकलेली माणसं गावातच असावीत, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदी खरं होतं. त्या शिकलेल्या माणसांत मी असावं, एवढंच काय ते चुकीचं होतं.

मी वकील आहे. महाडच्या कोर्टात दिवाणी दावे चालवतो, वय पन्नाशीपुढे आणि पोट वयापुढे. पोहता येतं असं मी लग्न ठरताना बायकोला सांगितलं होतं आणि तिने आजवर पुरावा मागितला नव्हता. क्लबचे अध्यक्ष म्हणून निवृत्त मुख्याध्यापक कदम गुरुजींना निवडलं. त्यांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट केलं की अध्यक्षाची जागा काठावर असते. मी सचिव झालो, आणि सचिव झाल्याझाल्या सुरक्षेच्या नियमांचा कागद हातात घेतला.

कागद इंग्रजीत होता.

"हे चालायचं नाही," मी नीलेशला म्हटलं. "महाडातला क्लब आणि नियम इंग्रजीत? सभासदाने बुडता बुडता डिक्शनरी बघायची का?"

"पाण्याखाली कुणी बोलतच नाही, काका. तिथे सगळं खुणांनी चालतं."

"खुणांचाही अर्थ मराठीतच लागला पाहिजे."

आणि मी नियम मराठीत आणायला बसलो. पहिलाच नियम फार सुंदर उतरला: 'जोडीदाराशिवाय पाण्यात उतरू नये. जोडीदाराला सोडून कुठेही जाऊ नये. अडचण आल्यास प्रथम जोडीदाराकडे बघावे.' माझी बायको सुनीता मागे येऊन उभी राहिली आणि तिने तो मोठ्याने वाचला.

"हा घरातपण लागू करा," ती म्हणाली.

"हा पाण्यातला जोडीदार आहे. एकमेकांकडे लक्ष ठेवायला."

"तेच म्हणते मी."

पुढचे नियमही ती वाचणार होती, पण गॅसवर दूध उतू जायला लागलं म्हणून धावली. ते दूध जरा उशिरा तापतं आणि ती पाचव्या नियमापर्यंत पोचती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसरा नियम होता, श्वास कधीही रोखून धरू नये. तिसरा, खोल जाताना कान दडपल्यास नाक चिमटीत धरून हळूच फुंकावे. हे दोन्ही बिनविरोध पास झाले. खरी लढाई झाली ती चौथ्यावर. पाण्याखाली अंगठा वर करून दाखवला तर त्याचा अर्थ 'उत्तम' असा होत नाही. त्याचा अर्थ, मला पाण्याच्या वर न्या. 'उत्तम चाललंय' हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, आपण आमटी फक्कड झाली की करतो तसा.

"म्हणजे अंगठा केला की वर येणे," नीलेश म्हणाला.

"वर जाणे," मी म्हटलं.

"वर येणे म्हणा ना, काका."

"येतो हे कुणाच्या दृष्टीने? काठावर बसलेल्याच्या. नियम कुणासाठी आहेत? सभासदासाठी. सभासद कुठे आहे? पाण्यात. पाण्यातला माणूस वर येतो का वर जातो?"

नीलेशने कदम गुरुजींकडे बघितलं. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "वकीलसाहेब, व्याकरणाने तुमचं बरोबर आहे. पण ऐकायला कसंतरीच वाटतं."

"गुरुजी, कायद्यात कसंतरीच वाटण्याला जागा नसते. शब्द एकदा ठरला की ठरला."

त्या तोऱ्यातच मी पाचवा नियम लिहिला. मूळ कागदात एवढंच होतं की माणसं पाण्याबाहेर सुखरूप आली की काठावरच्याने घरी कळवावं, म्हणजे घरचे काळजीत राहत नाहीत. मी लिहिलं: 'सभासद वर गेल्यास काठावरील व्यक्तीने विनाविलंब त्याच्या घरी तसे कळवावे. कळवताना नियमातीलच शब्द वापरावेत. पदरचे शब्द घालू नयेत.' शेवटची दोन वाक्यं मूळ कागदात नव्हती. ती माझी देणगी.

आता मुलीच्या लग्नाकडे वळायला हवं, कारण गळ्याशी आलं होतं ते हेच.

आमच्या मुग्धाने पुण्यात नोकरी करता करता ओंकार मोरे नावाचा मुलगा स्वतःच पसंत केला होता. मुलगा चांगला, घर चांगलं, गाव वरंध. त्याचे वडील मोरेसाहेब बँकेतून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ. अडचण एकच होती. त्या घरात शेवटचा शब्द आत्यांचा. आत्या म्हणजे मोरेसाहेबांची थोरली बहीण, आणि तिचा शकुन-अपशकुनावर कोर्टाच्या निकालाहून जास्त विश्वास. ओंकारच्या थोरल्या भावाला सांगून आलेलं एक स्थळ तिने दारात मांजर आडवं गेलं म्हणून मोडलं होतं आणि दुसरं, चहा पिताना लाइट गेली म्हणून. (लाइट जाण्यावरून स्थळं मोडायची ठरवली तर आमच्या तालुक्यात एकही लग्न व्हायचं नाही.) मुग्धाचा या मुलावर जीव होता. ती तोंडाने म्हणाली नाही, पण आठवडाभर घरातल्या मांजराला कोंडून ठेवत होती.

बैठक रविवारी दुपारी आमच्या घरी ठरली. आणि त्याच रविवारी सकाळी क्लबची पहिली डुबकी, कारण नीलेशने टाक्या आणि मुखवटे मित्राकडून उसने आणले होते आणि सोमवारी परत द्यायचे होते.

"पुढे ढकला," सुनीता म्हणाली.

"सचिवच गेला नाही तर नियमांना काय अर्थ?"

"ती आत्या येत्येय. त्या घरात एक शिंक चुकीची पडली तरी चालत नाही. मुग्धाचं यात काय आहे ते तुम्हाला कळतंय ना?"

"दुपारच्या आत घरी असतो."

ती माझ्या बैठकीच्या शर्टाला इस्त्री करायला वळली. "कोरडे या," म्हणाली.

डुबकीसाठी विहीर ठरवली होती ती कापडे गावची, पोलादपूरच्या आत, सुनीताच्या धोंडूमामांच्या शेतातली. भातशेतीच्या कडेला, पायऱ्या उतरत जाणारी, ऐसपैस विहीर. धोंडूमामा बांधावर उभे राहून आमचं सामान उतरताना बघत होते.

"मामा, पाणी किती आहे?"

"दोन पुरुस हाय."

विहिरीची खोली मोजायचं आमच्याकडचं हे माप. एका पुरुषाच्या डोक्यावर दुसरा उभा केला तर दुसराही बुडेल इतकं पाणी. यातल्या खालच्या पुरुषाचं काय होतं याची चौकशी आजवर कुणी केलेली नाही. त्या दिवशी ती जागा माझी होती.

क्लबचे बाकीचे सभासद, अध्यक्षांसकट, ऐनवेळी कुणाला सर्दी, कुणाला साखरपुडा, असे गळाले होते. त्यामुळे काठावरची व्यक्ती म्हणून मी मामांची नेमणूक केली आणि त्यांना पाचवा नियम समजावला.

"मामा, मी वर गेलो की सुनीताला फोन करायचा."

मामांनी कान पुढे केला. "वर गेल्याव?"

"हो. म्हणायचं, 'सभासद वर गेले, कळवण्यात येत आहे.' एवढंच."

"सबासद म्हंजे तुमीच न्हवं?"

"मीच."

"मग जावयबापू म्हनतो. सुमीला सबासद काय कलंल?" (सुनीताला माहेरी सुमी म्हणतात.)

"बरं, जावयबापू म्हणा. पण पुढचा शब्द बदलायचा नाही."

"आवो पन, वर गेलं म्हंजे..."

"मामा, शब्द बदलायचा नाही. नियम आहे."

मामांनी मान हलवली. जावयाशी वाद घालणाऱ्यांतले ते नव्हेत. विहिरीपाशी रेंज नाही, पण वरच्या टेपाडावर आंब्याखाली उभं राहिलं की एक काडी येते, एवढं त्यांनी सांगितलं आणि ते काठावर जाऊन बसले.

पाण्याखालचा माझा अनुभव थोडक्यात सांगतो, कारण तो थोडकाच होता. पाठीवर टाकी, तोंडात हवेची रबरी नळी, डोळ्यांवर आणि नाकावर मुखवटा, आणि पोटाला असा काही रबरी सदरा की मामी लांबूनच पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी उतरलो. नीलेश समोर होता. त्याने बोटांचा गोल करून विचारलं, उत्तम ना? मला खरोखरच उत्तम वाटत होतं. इतकं, की पन्नास वर्षांची सवय उफाळून आली आणि मी त्याला दणदणीत अंगठा दाखवला.

त्याने लगेच माझं बखोट धरलं आणि मला वर आणलं.

"काय झालं काका?"

"कुठे काय? मस्त वाटतंय."

"मग अंगठा का केलात?"

मामा तोवर टेपाडाच्या दिशेने निघाले होते. मी पुन्हा पाण्यात गेलेला बघून परत फिरले. खाली गेल्यावर नीलेशने पुन्हा विचारलं, मी पुन्हा अंगठा केला, आणि आम्ही पुन्हा वर. मामा पुन्हा उठले, पुन्हा बसले. चौथा नियम लिहिणारा माणूस तो पाळू शकत नाही हे त्या विहिरीतल्या बेडकांच्याही लक्षात आलं असावं.

तिसऱ्या खेपेला मी बोटं आवळूनच ठेवली आणि जरा खोल गेलो. कान दडपले. नियम तिसरा आठवला, आणि मुखवट्यावरून नाक चिमटीत धरलं. आपल्याकडे म्हण आहे, नाक दाबलं की तोंड उघडतं. ही म्हण ज्याने केली तो नक्की विहिरीत उतरलेला होता. माझं तोंड उघडलं, नळी सुटली, विहीर आत आली. पुढचं सगळं नीलेशने केलं. मी पायरीवर आलो तेव्हा खोकत होतो आणि नाकातून रक्त येत होतं. आपण मरतो आहोत असा जो क्षणभर माझ्या मनात विचार आला, त्यात आश्चर्य म्हणजे दावे नव्हते, अशील नव्हते. सुनीता म्हणाली होती 'कोरडे या', तेवढंच होतं.

मामींनी मुखवटा ओढून काढला आणि दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे ठासले. "रगत थांबस्तवर काढू नका हां, जावयबापू." बैठकीसाठी सुनीताने इस्त्री करून दिलेला शर्ट मी घाईत तोंड पुसायला घेतला, तो लाल झाला. मग मामांचा धुतलेला पांढरा सदरा आणि पांढरा लेंगा मला चढवला गेला. एवढ्यात मामा टेपाडावरून खाली आले.

"कळवलं?" मी विचारलं.

"कलवलं. तुमी शिकवलंत तसंच बोल्लो. मग कट झाला."

"काय म्हणाली?"

"काय नाय. गप झाली."

"कामात असेल," मी म्हटलं.

माझा फोन नीलेशच्या पिशवीत होता आणि नीलेश सामान धुवायला मागे थांबणार होता. मला उशीर झालेला. मी हेल्मेट घातलं आणि मामांच्या मोटरसायकलवर निघालो. पोलादपूर मागे टाकून हायवेला लागलो, तेवढ्यात समोरून आमच्या आळीतली जीप आली. आत शेजारपाजारची माणसं दाटीवाटीने बसलेली, चेहरे पडलेले, पुढच्या सीटवर कदम गुरुजी टोपी घालून. मला वाटलं, पोलादपूरकडे कुणीतरी गेलेलं दिसतंय. बिचारा. रविवार त्याचाही वाया गेला. ओळखीची माणसं म्हणून मी त्यांना अंगठा दाखवला. (गुरुजींनी मला नंतर सांगितलं, "मयताला चाललेल्या गाडीला अंगठा दाखवणारा हा कोण अडाणी, असं मनात आलं होतं.")

इकडे आमच्या घरी काय झालं हे मला पुढे सगळ्यांनी आपापल्या परीने सांगितलं. मुग्धाने सांगितलेलं मी खरं धरतो.

वरंधची मंडळी ठरल्याच्या आधीच येऊन पोचली होती, कारण आत्यांना सकाळचीच वेळ चांगली दिसली. सुनीता स्वयंपाकघरात भजी तळत होती, हात बेसनाचे. तिचा फोन बाहेर टेबलावर वाजला. ती आतून म्हणाली, "मामांचा असेल, जरा स्पीकरवर टाका." मोरेसाहेबांनी भिडस्तपणे तो स्पीकरवर टाकला. आणि सगळ्या खोलीला धोंडूमामांचा टेपाडावरून ओरडल्यासारखा आवाज ऐकू आला:

"सुमे गो, आईक. जावयबापू वर गेलं. कलवन्यात येत हाय."

फोन कट झाला.

वरपक्ष वरंधहून आला आणि वधुपिता वर गेला. असा योग आत्यांच्याही पंचांगात नसेल. मोरेसाहेब हातात फोन धरून तसेच उभे राहिले. परत लावायचा प्रयत्न ओंकारने केला, पण मामा टेपाडावरून उतरले होते आणि माझा फोन पिशवीत. सुनीताने आधी गॅस बंद केला. मग ती ओट्याला टेकून खाली बसली. ती रडली नाही, असं मुग्धा म्हणते. ती फक्त एवढंच बोलली:

"पोहता येतं म्हणाले होते."

हा सगळा किस्सा मी आजवर अनेकांना रंगवून सांगितलाय, पण या वाक्यापाशी मला अजून हसू येत नाही.

आत्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "आता कसली बैठक," त्या भावाला म्हणाल्या. "पहिल्या पायरीलाच असं. मयत घरी येस्तवर बसू, मग निघू." मुग्धाने ते ऐकलं. बाप गेला आणि लग्नही गेलं, एका फोनमध्ये. आळीत बातमी पसरली तोवर 'वर गेले'चं 'विहिरीत बुडाले' झालं होतं, आणि जीप कापड्याला सुटली होती.

मी आळीत शिरलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. मला भरून आलं. बैठकीला एवढी माणसं? मोरेसाहेबांनी अख्खं वरंध आणलं की काय? कडेला दोघे जण हिरवे बांबू उतरवत होते. त्यांतला एक बंड्या, पलीकडच्या घरातला. मंडपाची ही घाई मात्र मला जरा पटली नाही.

"बांबू कशाला आत्तापासून?" मी हेल्मेटमधून विचारलं. "अजून ठरलंय कुठे?"

बंड्याने मान वर केली नाही. "ठरायचं काय त्यात. गेला तो गेला."

आजकालची मुलं काहीही बोलतात असं मनात म्हणत मी पायऱ्या चढलो, उंबऱ्यात हेल्मेट काढलं आणि आत पाऊल टाकलं. अंगात पांढरा सदरा, पांढरा लेंगा, ओले केस कपाळावर, चेहरा फिकट, आणि दोन्ही नाकपुड्यांत कापूस.

दाराच्या अगदी समोर आत्या बसल्या होत्या.

उशीर झाल्याची क्षमा मागावी म्हणून मी हात जोडले. आता नाकात बोळे असले की माणूस जसा बोलतो तसाच मी बोललो, त्याला माझा इलाज नव्हता:

"उंशींर झांला. मांफ करां. मुंग्धाचं ठंरलं कां?"

भुतं नाकात बोलतात हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. भिंतीकडेची माणसं एकमेकांत सरकली. कुणाच्या तरी हातातला पेला पडला. पण आत्या हलल्या नाहीत. बाई धीराची. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, मला हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"बाबा, पोरीत जीव अडकवू नको. तुजी पोर आमच्या घरात येईल. ही मी शबुद देते. तू सुखानं जा आता."

"कुंठे जांऊ?" मी विचारलं.

"वर," आत्या म्हणाल्या.

तेवढ्यात सुनीता आतून आली. ती सरळ माझ्यापर्यंत चालत आली, बाकीच्यांसारखी बिचकली नाही. तिने माझ्या डोक्याला हात लावला. केसांतलं पाणी तिच्या बोटांना लागलं.

"कोरडे या म्हटलं होतं," ती म्हणाली.

आणि मग तिला रडू फुटलं, सगळ्यांसमोर. तिने मामांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली ती बैठक संपेपर्यंत सोडली नाही. कोर्टात असा प्रसंग कधी आला नव्हता. मी कापसाचे बोळे काढले, तेवढंच करण्यासारखं होतं.

यथावकाश उलगडा झाला. मोरेसाहेब हसू दाबत बहिणीकडे वळले. "अगो, हे जिवंत हायत."

"दिसतंय मला."

"मग बैठकीचं...?"

खोलीतली सगळी माणसं आत्यांकडे बघत होती. मुग्धा दाराआड उभी होती, हाताची बोटं एकमेकांत पिळून. आत्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. मला वाटलं, मांजरावरून मोडलेलं स्थळ आणि लाइटवरून मोडलेलं स्थळ, आता वधुपित्याच्या भुतावरून मोडलेलं तिसरं.

"मेल्याला दिलेला शबुद हाय," त्या म्हणाल्या. "तो जिता निगाला ही त्याची चूक. शबुद बदलायचा नाय. आनि मरनाची खोटी बातमी आली की मानसाचं आवुक्ष वाढतं. यापरीस चांगला सकुन कुटला?"

भजी आली. जीप कापड्याहून मामांना घेऊन परत आली. गुरुजींनी मला बघून फक्त चष्मा पुसला. मामांना मी बाजूला घेऊन म्हटलं, "अहो मामा, असं सांगतात का?" तर ते बिचारे म्हणाले, "मलाबी कसंसंच वाटलेलं. पन तुमी म्हनलात, शबुद बदलायचा नाय." बंड्याचे हिरवे बांबू शेवटी मंडपालाच वापरले गेले.

संध्याकाळी नीलेश आला आणि त्याने माझा फोन दिला. तो उघडला आणि मी कितीतरी वेळ त्यातच रमलो. गुरुजींनी जीपमध्ये बसता बसताच सगळ्या ग्रुपवर बातमी टाकली होती. भावपूर्ण श्रद्धांजली, हार, पणत्या. आयुष्यभर माझ्याविरुद्ध उभे राहिलेले एक वकील मला 'कायद्याचा चालताबोलता ग्रंथ' म्हणाले होते. एका अशिलाने लिहिलं होतं की असा माणूस पुन्हा होणे नाही. त्याचा दावा मी हरलो होतो. जिवंतपणी जे कुणी तोंडावर बोललं नाही ते सगळं तिथे होतं, आणि ते पुसून टाकायचं माझ्या जिवावर आलं. पण सुनीता शेजारी बसली होती.

"लिहा," ती म्हणाली. "लोकं उद्या दारात येतील."

म्हणून मी नाइलाजाने लिहिलं, 'मी सुखरूप आहे. घरीच आहे. मुग्धाचं लग्न ठरलं.'

उत्तरादाखल फटाफट अंगठे आले. वकिलांचे, अशिलांचे, बंड्याचा, कदम गुरुजींचा. सर्वांत पहिला अंगठा आमच्या होणाऱ्या व्याह्यांचा होता. कुणी एक अक्षर लिहिलं नाही, नुसते अंगठे. आणि अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, अंगठा म्हणजे 'वर जाणे', हे क्लबच्या नियमांत मीच माझ्या हाताने, शब्द न बदलण्याच्या अटीवर, लिहून ठेवलेलं आहे.